कोजागिरी, मसाला दूध आणि ॲक्रॉइडचा खून

अगाथा ख्रिस्तीचं ‘द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड’ वाचून संपवलं की माणसाची एक पंचाईत होते. त्याला त्या पुस्तकाबद्दल तावातावाने बोलायचं असतं आणि ज्याने ते वाचलेलं नाही त्याच्यासमोर अवाक्षरही काढायची सोय नसते. आमच्या वाचक मंडळाने यावर तोडगा काढला होता. दरवर्षी कोजागिरीला वाचनालयाच्या गच्चीवर एक रहस्यकादंबरी चर्चेला घ्यायची, आणि शेवटाची चर्चा सुरू झाली की ज्यांचं पुस्तक वाचून झालेलं नाही त्यांनी मुकाट्याने खाली जाऊन दूध आटवायचं. ॲक्रॉइडच्या वर्षी दूध फार सुरेख आटलं होतं. ढवळायला माणसं भरपूर होती.

तो नियम मी इथेही पाळते. खुनी कोण ते सांगणार नाही.

बाकीच्या वर्षी बास्करव्हिलचा कुत्रा झाला, इतरही काय काय झालं. पण ॲक्रॉइडवर जेवढी भांडणं झाली तेवढी दुसऱ्या कशावर झाली नाहीत, त्यामुळे ते पुस्तक अधूनमधून लोकाग्रहास्तव परत यायचं. वाचनालयाच्या प्रतीवर पहिल्याच पानावर कुणीतरी पेन्सिलने लिहून ठेवलं होतं, ‘खुनी – बटलर पार्कर’. जुन्या वळणाचं, टपोरं अक्षर. असल्या माणसाला फटके द्यावेत असं आमचं मत, पण ग्रंथपाल ते खोडू द्यायचे नाहीत. “त्यानं लिहिलंय ते खरं आहे असं कुठे म्हटलंय मी?” असं म्हणून ते शांतपणे नोंदवहीत शिक्का मारायचे. नवा वाचक मग ते पुस्तक दुहेरी संशय घेऊन घरी न्यायचा.

कादंबरी 1926 ची, गुप्तहेर पॉयरोची तिसरी. त्याआधी 1925 मध्ये ती लंडनच्या एका सायंदैनिकात क्रमशः आली होती. किंग्ज ॲबट नावाचं इंग्लंडातलं खेडं, तिथले डॉक्टर शेपर्ड गोष्ट सांगताहेत. शेजारी एक मिशाळ परदेशी गृहस्थ राहायला आलेत. मिशांवरून डॉक्टरांनी ठरवून टाकलंय की हा निवृत्त न्हावी असणार. मग एके दिवशी कुंपणावरून एक भलंमोठं भोपळ्याच्या जातीचं फळ डॉक्टरांच्या कानाजवळून सणसणत येतं आणि आपली हर्क्यूल पॉयरोशी ओळख होते. शेतीला कंटाळलेला गुप्तहेर! हे पान मोठ्याने वाचून दाखवायचा मान दरवर्षी बँकेतून निवृत्त झालेल्या काकांचा. फळ फेकताना ते हातातली डिश फेकतील की काय अशी भीती वाटायची.

मंडळात एक आजोबा होते, बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारकथांवर वाढलेले. त्यांना पॉयरो काही पटला नाही. “नुसता बोलतोय हो तो. झुंजार असता तर आतापर्यंत तीन खिडक्या फोडून झाल्या असत्या!” दुसऱ्या टोकाला मेडिकल दुकानवाले. त्यांना फक्त विषांमध्ये रस. गावातली विधवा मिसेस फेरर्स व्हेरोनल हे झोपेचं औषध जास्त घेतल्याने जाते, तर ते बार्बिट्युरेट कसं झोप आणतं इथपासून ते सुरू करायचे. ख्रिस्तीबाई पहिल्या महायुद्धात रुग्णालयाच्या औषध विभागात काम करत होत्या, याचा त्यांना आपल्याच दुकानातली मुलगी पुढे गेल्यासारखा अभिमान होता.

बायकांचं मत मात्र एकमुखी. पुस्तकातलं खरं पात्र म्हणजे डॉक्टरांची बहीण कॅरोलिन. ती घराबाहेर पडत नाही आणि गावात काय चाललंय हे भावाच्या आधी तिला माहीत असतं. दूधवाला, मोलकरीण, पोरंटोरं, सगळे तिचे खबरे. माहजाँग या चिनी सोंगट्यांच्या खेळाचं एक अख्खं प्रकरण आहे, त्यात डाव कमी आणि गावच्या उखाळ्यापाखाळ्या जास्त. ते वाचताना आमच्या गच्चीवर एकमेकींना कोपरं मारली जायची, कारण प्रत्येकीच्या डोळ्यांसमोर आपापल्या गल्लीतली कुणीतरी असायची. पुढे मिस मार्पल जन्माला आली ती कॅरोलिन लिहिताना आलेल्या मजेतूनच असावी, असं ख्रिस्तीबाईंनीच आत्मचरित्रात म्हटलंय. 1928 मध्ये या कादंबरीवर ‘अलिबाय’ नावाचं नाटक आलं, त्यात कॅरोलिनला काढून तिच्या जागी एक तरुण, देखणी मुलगी घातली. बाईंना ते अजिबात रुचलं नव्हतं. आमच्याकडे ही माहिती सांगितल्यावर जो निषेध झाला तो त्या नाटकवाल्यांनी ऐकायला हवा होता.

मग दूधवाली मंडळी खाली जायची आणि खरी लढाई सुरू व्हायची. ख्रिस्तीबाईंनी वाचकाला फसवलं की नाही?

वकीलसाहेब फसवणुकीच्या बाजूने. साक्षीदाराने सगळं खरं सांगितलं पाहिजे, अर्धवट खरं म्हणजे खोटंच, हा त्यांचा मुद्दा. रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्सने 1929 मध्ये रहस्यकथेचे दहा नियम घालून दिले, ते ते बोटांवर मोजून दाखवायचे. समोर गणिताच्या बाई. बाईंनी खडूने गच्चीवर ॲक्रॉइडच्या अभ्यासिकेचा आराखडा काढला होता, पुस्तकात आहे तसा. दार इथे, खिडकी तिथे. भिंतीपासून ओढलेली ती खुर्ची म्हणून एक प्लॅस्टिकची खुर्ची. “यातलं एक वाक्य दाखवा जे खोटं आहे,” एवढंच त्या म्हणायच्या. पहिल्या वाचनातच त्यांना एका ठिकाणी मिनिटांचा हिशेब जुळेना म्हणून त्यांनी वहीत वजाबाकी मांडली होती. ती वही त्या वकीलसाहेबांपुढे धरायच्या. वकीलसाहेब चष्मा शोधायचे.

रहस्यकथालेखिका डोरोथी सेयर्सही गणिताच्या बाईंच्याच पक्षातली. सगळ्यांवर संशय घेणं हे वाचकाचं कामच आहे, असं तिने या पुस्तकाची बाजू घेताना सुनावलं होतं. मलाही तेच पटतं. आपण रागावतो ते आपल्या गाफीलपणावर, आणि खापर फोडतो लेखिकेवर. दुसऱ्यांदा वाचताना तर प्रत्येक पानावर ती आपल्याला सांगतच होती हे दिसतं, आणि तो राग जास्त चढतो!

एका वर्षी वकीलसाहेब नवाच बार घेऊन आले. पिएर बायार नावाच्या फ्रेंच प्राध्यापकाने 1998 मध्ये अख्खं पुस्तक लिहून दाखवलं की पॉयरोचाच निकाल चुकला, खुनी भलतंच कुणीतरी आहे. वकीलसाहेबांनी लगेच आरोपीचं वकीलपत्र घेतलं. आदल्या वर्षी याच माणसावर ते तुटून पडले होते, याची आठवण करून दिल्यावर “अशील बदलला,” म्हणाले. कॉलेजातल्या एका प्राध्यापकांनी अमेरिकन समीक्षक एडमंड विल्सनच्या 1945 च्या लेखाचा दाखला देऊन, ॲक्रॉइडला कुणी मारलं याची फिकीर तरी कशाला करायची, असं विचारून पाहिलं. त्यांना भेळ शेवटी मिळाली.

निघताना पुढच्या वर्षीचं पुस्तक ठरायचं. विल्की कॉलिन्सचं ‘मूनस्टोन’ सुचवलं तेव्हा जाडी बघून कुरकुर झाली. 1868 चं पुस्तक, इंग्रजी कसं झेपणार? पण 1799 च्या श्रीरंगपट्टणच्या लुटीतल्या हिऱ्याची गोष्ट आहे म्हटल्यावर आजोबांसकट सगळे तयार झाले. मेडिकलवाल्यांनी तेवढं विचारलं, “यात विष आहे का?” गणिताच्या बाई म्हणाल्या, अफू आहे. तर वकीलसाहेब उठून उभे राहिले आणि हे सांगणंही नियमबाह्य आहे, अशी हरकत नोंदवून घ्या म्हणाले.