तुटीचं वर्ष आणि ८० सोंगट्या

मंदीत नागरिकांना शहराच्या अंदाजपत्रकाच्या बैठकीला बोलवायचं, तर "तुम्हाला काय हवं?" हा प्रश्न आधी खोडावा लागतो. एका रविवारी अशा बैठकीत आम्ही विचारलं, "काय थांबवलं तर चालेल?"

खरी मेहनत आदल्या आठवड्यात लेखा विभागात झाली. पगार, निवृत्तिवेतन, कर्जाचे हप्ते, वीजबिल हा बांधील खर्च बाजूला काढला आणि तो मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावला. नाहीतर पहिला तास "पगार कापा" यातच जातो. उरलेल्या कामांचा गेल्या वर्षीचा खर्च १०० सोंगट्या धरला. प्रत्येक कामाचं एक कार्ड केलं; जे काम ठेवायचं, त्याच्या कार्डावर सोंगट्या ठेवायच्या. दर टेबलाला ८ माणसं, सगळ्यांत मिळून मात्र ८० सोंगट्या.

पहिल्या फेरीत जवळजवळ सगळ्या टेबलांनी नालेसफाई आणि रस्त्यांची डागडुजी उडवली. लोकांचं चुकलं नाही, आमचं कार्ड चुकलं. त्यावर खर्च होता. काम टाळलं तर काय होईल, ते नव्हतं. चहाच्या वेळात अभियंत्यांकडून कार्डांच्या मागे हातानं लिहून घेतलं: "डांबरातल्या भेगा आत्ता बुजवल्या नाहीत, तर पाणी मुरून खालचा खडीचा थर खचतो, मग रस्ता उकरूनच करावा लागतो." दुसऱ्या फेरीत ही कार्डं परत आली.

एका टेबलानं भूखंड विकून वाचनालयाचा दरवर्षीचा खर्च भागवला. शेजारच्या बाईंनी विचारलं, "आणि पुढच्या वर्षी काय विकायचं?" महसुली (दरवर्षीचा) आणि भांडवली (एकदाच येणारा) पैसा हा फरक मी अर्धा तास समजावला असता, तरी इतका स्पष्ट झाला नसता. तेव्हापासून सोंगट्या दोन रंगांच्या असतात: पिवळी एकदाच येणाऱ्या पैशाची, निळी दरवर्षीच्या. दरवर्षीच्या खर्चावर पिवळी चालत नाही. नवी इमारत हवी असेल, तर बांधकामाच्या पिवळ्यांसोबत पहारेकरी आणि विजेच्या निळ्याही लागतात.

कॅलिफोर्नियातलं व्हॅलेहो शहर २००८ मध्ये दिवाळखोरीत गेलं. तिथेच २०१२ मध्ये वाढीव विक्रीकरातला ठरावीक हिस्सा नागरिकांच्या मतानं खर्च करायचं ठरलं. मला त्यातला 'ठरावीक' हा शब्द सर्वांत महत्त्वाचा वाटतो. किती रकमेवर लोकांचा शब्द अखेरचा, हे ठरल्याशिवाय बैठक बोलावूच नये.

रात्रीच्या बसचं कार्ड त्या दिवशी बहुतेक टेबलांवर उलटं पडलं होतं. रात्रपाळीवाले रविवारी सकाळी झोपलेले असतात. तीच कार्डं घेऊन आम्ही रात्री दहाला बसथांब्यावर उभे राहिलो. तिथे पहिली निळी सोंगटी त्याच कार्डावर पडली.