'रामदास' बोट, 1:100 : नाळ झाली, आता धक्का

'रामदास' या जुन्या उतारू बोटीची लाकडी प्रतिकृती करतोय. तिच्या नाळेचा, म्हणजे पुढच्या टोकाचा, बाक एकदाचा जमला. शिवणीच्या लाकडाचे थर चिकटवून तासताना पुढचा भाग फार गोल झाला होता. तेवढा कापून नवा तुकडा बसवला, पुट्टी भरली, चारशे नंबरचा पॉलिश पेपर मारला. आता दिव्यासमोर धरली की रेघ कुठे मोडत नाही.

मूळ बोट स्वॅन हंटरने 1936 साली बांधलेली, 179 फूट लांब आणि 29 फूट रुंद. म्हणजे माझी साडेचोपन्न सेंटिमीटर लांब, जेमतेम नऊ रुंद. हातात घेतल्यावर ती किती अरुंद होती ते खरं कळतं. हजारावर उतारू एवढ्यात मावायचे.

17 जुलै 1947 ला मुंबईहून रेवसला जाताना समुद्रातल्या काशाच्या खडकाजवळ ती उलटली, सुमारे 700 माणसं गेली. आमच्या आजीसमोर तिचं नाव काढायची सोय नव्हती. पण त्याआधी ही बोट अकरा वर्षं माणसं ने-आण करत होती, आणि मला ती राबती रामदास करायची आहे. सहकारी कंपनीची बोट. कोकणातली माणसं त्या कंपनीला 'माझी आगबोट कंपनी' म्हणायची. त्या 'माझी'साठीच हा खटाटोप.

म्हणून ती भर समुद्रात न दाखवता भाऊच्या धक्क्याला लावतोय. आज माझगावला आहे तो धक्का इथे चालणार नाही. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य, म्हणजे भाऊ, यांनी बांधलेला जुना धक्का कर्नाक बंदराकडे होता. तो सगळा किनाराच पालटला. 1880 चा प्रिन्सेस डॉक आणि 1888 चा व्हिक्टोरिया डॉक भराव घालून बुजवले. बोटी उभ्या राहायच्या तिथे आता जमीन आहे. गेल्या महिन्यात पी. डिमेलो रोडवरून चालत गेलो, तर पाण्याचा वासही आला नाही. घरी येऊन थर्माकोलवर पीओपी ओतलं आणि धक्क्याचे दगड एकेक कोरायला घेतले. पहिली रांग ओली असतानाच कोरली, तिच्या कडा ढासळल्या. दुसरी अर्धवट सुकू दिली, ती छान उठली.

कठड्याला पितळी तार आणली आहे, ते काम पुढच्या आठवड्यात. सध्या सामान करतोय. जुन्या धोतराच्या चिंध्या गुंडाळून 9 मिलिमीटरच्या बावीस वळकट्या झाल्या, शिवाय आठ ट्रंका. त्यातली एक हिरवी रंगवली. आजीची तशी होती.