तुम्ही विचारलंत म्हणून: वाडा विकून टॉवरमध्ये का?

"जुन्या बडोद्याबद्दल एवढ्या पोटतिडकीनं बोलता, मग स्वतः अकराव्या मजल्यावर कशा राहता?" मंगळबाजारात, लग्नाच्या पंगतीत, कुठेही हा प्रश्न येतो. एकदाच काय ते सांगते.

वाड्याला वारसदार ढीगभर होते, पण तुळई बदलायला पैसे काढणारं कुणी नव्हतं. सासूबाईंचा खुबा मोडला तेव्हा त्यांना खुर्चीला बांधून त्या उभ्या, अंधाऱ्या जिन्यावरून खाली आणलं. अँब्युलन्स गल्लीच्या तोंडाशीच थांबलेली. मला लिफ्ट हवी होती आणि त्याची मला लाज वाटत नाही.

मग आला ऑगस्ट 2024. विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी 26 फूट. पाणी 35 च्याही वर गेलं. नदीजवळच्या समा भागातल्या आमच्या इमारतीत आधी तळघरातल्या गाड्या बुडाल्या, मग मीटरची खोली. लिफ्ट बंद, पंप बंद, नळ कोरडे. फ्रिज बंद पडल्यावर सासूबाईंचं इन्सुलिन पिशवीत घालून माठाच्या गार पाण्यात सोडलं. खाली गढूळ पाणी, त्यात मगरींची भीती. इमारतीतली पोरं बोटीतून आलेलं दूध जिन्यानं वर पोचवत होती. सासूबाईंनी मला जुन्या शहरात, मांडवीला फोन लावायला सांगितला. जुन्या शेजारीण म्हणाल्या, "इकडे काही नाही हो, रस्ता कोरडा आहे."

सासूबाईंनी ऐकलं. "मग आपण इथे कशाला आलो गं?" एवढंच म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून निजल्या. मी काय सांगणार होते? तुमच्यासाठीच आलो, हे ओठांवर आलं होतं. बोलले नाही.

जुनं शहर पूर्वकाठच्या उंचवट्यावर वसलं, ते उगाच नाही. पावसाचं पाणी कोतरांतून, म्हणजे घळी-ओहोळांतून, नदीला मिळायचं. ती कोतरं बुजवून आपण मजले चढवले. माझं भांडण उंचीशी नाही. 1890 चा लक्ष्मी विलास राजवाड्याचा मनोराही उंचच आहे, पण भोवती पाणी जिरायला केवढी मोकळी जमीन!

पूर्वी मी सभांमधून ठासून सांगायचे, बडोद्याला उंच इमारत नकोच. आता तसं म्हणवत नाही. माणसं वाढली, शहर आडवंच पसरत राहिलं तर भायलीकडची शेतं जातात. पण मग स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिसही आठवतात. त्यांनी 1916 मध्ये बडोद्याच्या वाढीवर अहवाल दिला होता. जुन्या वस्तीत कमीत कमी पाडायचं, हवा-उजेडापुरतं मोकळं करायचं, ही त्यांची रीत. आमच्या गल्लीला तेवढंच हवं होतं: स्ट्रेचर जाईल एवढी वाट आणि वाड्याला धड जिना. तो खर्च कुणी करायचा, हे मात्र आम्हा भाऊबंदांत कधीच ठरलं नाही, आणि बाहेरून विचारायलाही कुणी आलं नाही.

वाड्याच्या जागी आता दुकानांचं कॉम्प्लेक्स आहे, त्यामुळे परत जायचा प्रश्नच नाही. हा फ्लॅट सोडू का? पावसाळा लागला की सोडावासा वाटतो. संध्याकाळी सासूबाईंची व्हीलचेअर लिफ्टनं खाली नेते, त्या बाकावरच्या बायकांशी तासभर बोलतात, तेव्हा नाही वाटत.