सावंतवाडी ते जुने गोवे: सायबाच्या फेस्ताची पायी वारी

सावंतवाडीच्या मिलाग्रीस कॅथेड्रलपासून जुन्या गोव्याच्या बाँ जेझस बासिलिकेपर्यंत अंतर भरतं 65 ते 70 किलोमीटर. हायवे धरून गेलं तर थोडं कमी, वाटेतल्या चर्चमध्ये डोकावत गेलं तर थोडं जास्त. आमचा जथा ते तीन दिवसांत चालतो. संत फ्रान्सिस झेवियरचं, म्हणजे गोंयच्या सायबाचं फेस्त 3 डिसेंबरला आणि त्याआधी 24 नोव्हेंबर ते 2 डिसेंबर नऊ दिवस नोव्हेना, म्हणजे फेस्ताआधीच्या रोजच्या प्रार्थना. नवखे जथे हमखास 2 तारखेच्या रात्री पोचायचा बेत आखतात आणि तिथेच फसतात. त्या रात्री जुन्या गोव्यात पाठ टेकायला जागा नसते, संडासाला रांग असते, आणि तीन दिवस चाललेला माणूस दुसऱ्या दिवशीच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, उभ्याउभ्याच पेंगतो. नोव्हेनाच्या मधल्या दिवसांत, शनिवार-रविवार टाळून पोचलं तर मिस्सा नीट ऐकता येते आणि समाधीपाशी दोन मिनिटं शांतपणे उभंही राहता येतं. सायबाला तारखेचं काही वावडं नाही.

निघण्यापूर्वी एक गोष्ट आम्ही जथ्यात स्पष्ट सांगतो, कारण वाटेत चहाच्या टपरीवर हा प्रश्न येतोच. संताला आम्ही देव मानत नाही. आराधना फक्त देवाची. संताकडे मागायची ती मध्यस्थी, म्हणजे 'आमच्यासाठी प्रार्थना कर' एवढंच. चमत्कार झाला तर तो देवाने केला, संताने शब्द टाकला. म्हणून आंगवण, म्हणजे नवस, फेडायला चालणाऱ्यालाही आम्ही सांगतो की ही मजुरी नव्हे. पाय झिजवले म्हणून मूल बरं झालं, किंवा कमी चाललो म्हणून नाही झालं, असा हिशेब या श्रद्धेत बसत नाही. चालणं हे उपकाराच्या आठवणीसाठी. ज्यांना हे पटत नाही ते पहिल्याच दिवशी अनवाणी निघतात आणि दुसऱ्या दिवशी टेम्पोत बसतात.

अनवाणी चालायची आंगवण असेल तर सकाळी साडेदहापर्यंतच चालावं. नोव्हेंबर संपत आला तरी त्यानंतर डांबर तापतं आणि तळव्यांची कातडी सुटायला लागते. मधुमेह असलेल्यांना आम्ही अनवाणी चालू देत नाही, कितीही भावना दुखावल्या तरी. बाकीच्यांसाठी नियम सोपा: बूट किमान महिनाभर वापरलेले हवेत. नव्या बुटांनी इन्सुली घाट उतरला की अंगठ्याचं नख काळं झालंच म्हणून समजा, कारण उतारावर पाय पुढे सरकून नख बुटाच्या टोकावर आपटत राहतं. नखं दोन दिवस आधी कापावीत, निघायच्या सकाळी नव्हे. पातळ मोजा आत, जाड मोजा बाहेर. मांड्यांना आणि काखेत व्हॅसलिन. टाचेला चटका जाणवायला लागला की तिथेच थांबून चिकटपट्टी लावायची. 'पुढच्या थांब्यावर बघू' म्हणणाऱ्याला तोवर फोड आलेला असतो. फोड आलाच तर कातडी सोलायची नाही. सुई निर्जंतुक करून कडेने टोचायचं, पाणी काढायचं, बेटाडिन लावून वरची कातडी तशीच झाकून ठेवायची.

प्रत्येकाजवळ दोन लिटर पाणी, आणखी टेम्पोत. ओआरएसचं एक पाकीट एक लिटर पाण्यात, अर्ध्या ग्लासात नव्हे. घट्ट केलं की गुण जास्त येतो अशी समजूत आहे. प्रत्यक्षात पोट बिघडतं. पहाटे चारला निघायचं, अकराला थांबायचं, पुन्हा साडेतीनला. अंधारात पहिल्या आणि शेवटच्या माणसाच्या अंगावर चमकणारं जाकीट, हातात बॅटरी, आणि चालायचं रस्त्याच्या उजव्या बाजूने, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते. सर्वांत पुढे क्रूस. दिंडीत जसा विणेकरी, तसा आमच्यात क्रूसवाला: त्याची चाल ती जथ्याची चाल. क्रूस हलक्या लाकडाचा, फार तर पाच किलोचा असावा. उत्साहात सागाचा जड क्रूस केला की दुपारपर्यंत तो उचलायला कुणी पुढे येत नाही. मुक्कामाच्या चर्चला आणि वाटेवरच्या पोलीस ठाण्यांना महिनाभर आधी पत्र द्यावं. मुक्काम शाळेत असेल आणि शाळेला सुट्टी नसेल तर वर्ग सायंकाळशिवाय मिळत नाहीत, हे ध्यानात ठेवून दुपारची सोय वेगळी करावी.

क्रूसवाला बदलतो तो जपमाळेच्या हिशेबाने. पाच रहस्यांची (येशू-मरियेच्या जीवनातल्या प्रसंगांची) एक जपमाळ चालता चालता वीस-पंचवीस मिनिटांत होते, तेवढ्यात दीडेक किलोमीटर सरतो. सोमवारी आणि शनिवारी आनंदाची रहस्यं, मंगळवारी आणि शुक्रवारी दुःखाची, बुधवारी आणि रविवारी गौरवाची, गुरुवारी प्रकाशाची. ही शेवटची पोप जॉन पॉल दुसरे यांनी 2002 मध्ये घातली, त्यामुळे जुन्या बायका गुरुवारी अजून अडखळतात. जथा मोठा असेल तर मागच्यांना पुढचा आवाज ऐकू येत नाही आणि दोन ठिकाणी दोन वेगळे 'नमो मरिया' सुरू होतात. तीस-तीसच्या तुकड्या कराव्यात, प्रत्येकीचा म्होरक्या वेगळा. भोंग्याचा मोह टाळावा.

पहिल्या दिवशी इन्सुली, बांदा, मग पत्रादेवी. इथे हद्द ओलांडून गोवा लागतो. 15 ऑगस्ट 1955 च्या सत्याग्रहातल्या हुतात्म्यांचं स्मारक इथेच आहे, तिथे पाच मिनिटं थांबून पुढे जातो. मुक्काम पेडणे तालुक्यात. रात्री उकड्या तांदळाची पेज, लोणचं, सुका बांगडा. चालणाऱ्या पोटाला याहून बरं काही नाही. मटणाचा बेत करणाऱ्या जथ्यांचा दुसरा दिवस कसा जातो ते लिहायला नको.

दुसऱ्या दिवशी धारगळ, कोलवाळचा पूल आणि म्हापसा. अंतर कमी, पण हाच दिवस जड जातो. पहिल्या दिवसाचा जोर ओसरलेला असतो आणि शेवट अजून दिसत नसतो. म्हापशाचं सेंट जेरोम चर्च 1594 चं. तिथेही मिलाग्रीस सायबीण, म्हणजे चमत्कारांची मरिया माता, आहे; म्हणजे निघालो त्याच मातेच्या दारात मुक्कामाला येतो. हिंदू कुटुंबंही तिला तेल वाहतात. शिरगावची लईराई देवी आणि ही सायबीण सख्ख्या बहिणी, असं बार्देश-डिचोलीत दोन्ही धर्मांचे लोक मानतात. चर्चच्या शिकवणीत अर्थातच असं काही नाही. आमच्यातले काही कडक मंडळी यावर नाकं मुरडतात. आम्ही मुरडत नाही. वाटेवर पाणी आणि केळी घेऊन उभ्या राहणाऱ्यांत निम्म्याहून अधिक घरं हिंदूंची असतात, आणि 'देव बरें करूं' (कोंकणीतला धन्यवाद) म्हणताना कुणी कुणाचा धर्म विचारत नाही.

याच टप्प्यावर गप्पा चमत्कारांकडे वळतात. सायबाचा खेकड्याचा चमत्कार सगळ्यांना पाठ: मलुकू बेटांकडे वादळात त्याचा क्रूस समुद्रात पडला आणि किनाऱ्यावर एका खेकड्याने तो नांग्यांत धरून आणून दिला. ही हकीकत झेवियरच्या स्वतःच्या पत्रांत कुठेही नाही. संतपदाच्या चौकशीत ती एका साक्षीदाराने सांगितली. झेवियरला सगळ्या भाषा आपोआप येत, असंही सांगतात. पत्रांत मात्र तो दुभाषे शोधतो, प्रार्थना तमिळमध्ये करून घेऊन तोंडपाठ करतो. जथ्यातल्या मुलांना आम्ही हे दोन्ही सांगतो. आमच्या मते त्याचं मोठेपण पहिल्यापेक्षा दुसऱ्यात जास्त आहे. 6 मे 1542 ला गोव्यात उतरलेला हा पोपचा प्रतिनिधी राहिला कुठे, तर इस्पितळात. रोग्यांची सेवा करायला. रविवारी महारोग्यांकडे जाऊन मिस्सा करायचा. मग हातात घंटा घेऊन गल्लीगल्लीत फिरून पोरं गोळा करायची आणि त्यांना धर्मशिक्षण द्यायचं. लोकांचं त्याच्यावर प्रेम जडलं ते या घंटेमुळे.

त्याची दुसरी बाजूही लपवायची नाही. 1546 मध्ये त्याने पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड शोधून शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय, आणायची मागणी केली. ती आली 1560 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी, आणि 1812 पर्यंत टिकली. तिने काय केलं हे गोव्यातल्या घराघरांना ठाऊक आहे. वाटेत कुणी विचारलं तर तोंड फिरवायचं नाही. संत म्हणजे कधीच न चुकलेला माणूस, असं चर्चही म्हणत नाही.

तिसऱ्या दिवशी म्हापशाहून पहाटे तीनलाच निघतो, कारण पर्वरीत उजाडल्यावर गाड्यांची रीघ लागते. मांडवीच्या पुलांवर चालत शिरू नये. पर्वरीहून बेतीच्या उतरणीला लागून फेरीबोट धरावी; पायी माणसाला तिकीट नाही. पणजीत उतरलं की पाटोवरून रायबंदरचा बांध. 1630 च्या दशकात पोर्तुगीजांनी घातलेला हा तीनेक किलोमीटरचा रस्ता आजही वापरात आहे. एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला मिठागरं. सावली जवळजवळ नाही, म्हणून हा बांध नऊच्या आत मागे टाकायचा. पणजी ते जुने गोवे दहा किलोमीटर, आणि शेवटचे चार सगळ्यांत लांब वाटतात.

जुन्या गोव्यात पोचल्यावर पुष्कळांचा हिरमोड होतो. 'सायब दिसत नाही!' बरोबर आहे. एरवी दिसते ती उंचावरची चांदीची पेटी, गोव्याच्या कारागिरांनी 1630 च्या दशकात घडवलेली. तिच्याखाली टस्कनीच्या ग्रँड ड्यूकने पाठवलेला संगमरवरी चौथरा, 1698 मध्ये बसवलेला. पेटी खाली उतरवून से कॅथेड्रलमध्ये नेतात ती दर दहा वर्षांनी. मागचा सोहळा 21 नोव्हेंबर 2024 ते 5 जानेवारी 2025 असा झाला. तेव्हा रांगेची तयारी वेगळी करावी लागते.

देहाबद्दलही गैरसमज पुष्कळ. 3 डिसेंबर 1552 ला चीनजवळच्या सांच्वान बेटावर तो वारला. हाडं लवकर नेता यावीत म्हणून पेटीत चुना भरला होता. फेब्रुवारीत उकरलं तर देह जसाच्या तसा. मलाक्कामार्गे तो 16 मार्च 1554 ला गोव्यात आला. 1614 मध्ये उजव्या हाताचा कोपरापासूनचा भाग रोमला गेला. आज देह सुकलेला आहे आणि चर्च स्वतः 'पवित्र अवशेष' हाच शब्द वापरतं. देह न कुजणं हा संतपदाचा पुरावा धरत नाहीत.

मग पुरावा कशाला म्हणतात? त्यासाठी सवड असेल तर दुसऱ्या दिवशी दहा-बारा किलोमीटरवरच्या पिलारला जावं. तिथे फादर आग्नेल यांची समाधी आहे. 20 नोव्हेंबर 1927 ला ते वारले, 1986 मध्ये त्यांना 'आदरणीय' घोषित केलं, आणि 'धन्य' या संतपदाआधीच्या पायरीवर जायला एक मान्य झालेला चमत्कार हवा आहे. धन्यनंतर संतपदासाठी आणखी एक. पोप ही अट माफ करू शकतात; बाणावलीच्या जोजफ वाझना 2015 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी दुसऱ्या चमत्काराशिवायच संत घोषित केलं. एरवी रोममध्ये डॉक्टरांचं मंडळ बसतं. आजार गंभीर होता का, उपचाराने बरा होण्यासारखा होता का, बरं होणं अचानक, पूर्ण आणि टिकाऊ आहे का, हे ते तपासतात. सात डॉक्टर असतील तर किमान पाचांनी 'वैद्यकशास्त्राला याचं स्पष्टीकरण देता येत नाही' असं म्हणावं लागतं. त्यानंतर धर्मपंडित पाहतात की प्रार्थना नेमकी कोणाकडे केली होती. इथेच आपल्याकडची बहुतेक प्रकरणं अडतील: आपण एकाच आजारासाठी सायबाला, वेलांकणीच्या मातेला, आग्नेलबाबांना आणि वांद्र्याच्या मोत माऊलीला एकदमच साकडं घालतो. उपकार मिळाला असं वाटत असेल तर समाधीपाशी नुसती चिठ्ठी टाकून थांबू नये. आजाराआधीचे आणि नंतरचे रिपोर्ट, डॉक्टरांचं नाव, तारखा आणि प्रार्थना कधी सुरू केली ते लिहून तिथल्या फादरांकडे द्यावं.

बासिलिकेबाहेर मेणाचे हात, पाय, डोकं, बाळ, घर मिळतं. ज्याची आंगवण ते वाहायचं. मेण उन्हात वाकतं, म्हणून आधी घेऊन पिशवीत ठेवू नये. खाजें आणि चणे मात्र शेवटी घ्यावेत. परतीला चालत जायचं कुणी मनात आणू नये. पणजीहून सावंतवाडीची एसटी किंवा गोव्याची कदंबा बस मिळते, फेस्ताच्या दिवशी दुपारनंतर ती खचाखच भरते, म्हणून मिस्सा संपताच पणजी गाठावी. बसमध्ये बूट काढायचे नाहीत. सुजलेले पाय बांद्यापर्यंत पुन्हा बुटात जात नाहीत.