काय म्हणाली ती?

दार उघडतं, मुलगी बाहेर येऊन चपला शोधायला लागते आणि तेवढ्यात तिची आई आत. खुर्चीवर टेकायच्या आधीच प्रश्न, "काय म्हणाली ती?" वडील असले तर प्रश्न जरा वळसा घेऊन येतो, "नाही, म्हणजे, काळजी करण्यासारखं काही?" पण विचारायचं असतं तेच.

नाशिकमधल्या एका शाळेत मी अकरा वर्षं समुपदेशक आहे. इतक्या वर्षांत दुसरा कुठलाही प्रश्न मला इतक्या वेळा कुणी विचारला नसेल. परवा पालकसभेत एका आजोबांनी तर उभं राहून विचारलं, "फी आम्ही भरायची आणि गुपितं तुम्ही ठेवायची, हा कुठला न्याय?" सभा हसली. मीही हसले आणि वेळ मारून नेली. आजोबा, तुम्ही विचारलंत म्हणून आज नीट लिहायला बसले आहे. मुलांची ओळख पटेल असे तपशील बदललेत, एवढं आधी सांगते.

पहिली गोष्ट म्हणजे, मुलं आत येऊन धडाधडा काही बोलत नाहीत. बाहेर बाकावर बसलेल्या पालकांना वाटतं, आत आपल्याविरुद्ध मोठी तक्रार चालली असेल. प्रत्यक्षात बऱ्याचदा आत काहीच चाललेलं नसतं.

सातवीतला एक मुलगा. दर सोमवारी पोटात दुखायचं. डॉक्टर झाले, दोनदा सोनोग्राफी झाली, काही निघालं नाही. मग घरात त्याचं नाव 'नाटकी' पडलं आणि वर्गशिक्षिकेनं माझ्याकडे पाठवलं. तीन तास, म्हणजे शाळेतले तीन तास, तो माझ्यासमोर बसून पेन उघडत होता. रिफिल काढायची, स्प्रिंग ताणायची, परत बसवायची. मी मध्येमध्ये काहीबाही बोलायचे, तो 'हं' म्हणायचा. चौथ्या वेळी स्प्रिंग उडाली आणि कपाटाखाली गेली. आम्ही दोघं गुडघ्यांवर बसून फूटपट्टीनं ती शोधायला लागलो. कपाटाखाली बघतच तो म्हणाला, "बाबांचं काम सुटलंय. आईला माहीत नाहीये."

आंतरशालेय स्पर्धेसाठी शाळेनं मुलांना गोल्फ क्लब मैदानावर नेलं होतं. तिथल्या बाकावर त्याला बाबा दिसले, डबा खाताना. वार सोमवार होता. बाबा रोज सकाळी डबा घेऊन सातपूरला कंपनीत जातात, असं घरात सगळ्यांना माहीत होतं. त्यांनी याला पाहिलं की नाही, हे याला कळलं नाही, आणि विचारायचं कसं, हेही कळलं नाही. दोन महिने हे त्यानं पोटात ठेवलं होतं. अक्षरशः पोटात.

त्या दिवशी त्याची आई बाहेरच होती. "काय म्हणाला?" मी म्हटलं, "त्याचं पोट खरंच दुखतं. नाटक नाही ते." तिला ते उत्तर पुरेसं वाटलं नाही. पुरेसं नव्हतंच. पण तिच्या नवऱ्याची नोकरी गेल्याची बातमी तिला माझ्याकडून कळणं योग्य होतं का? मुलाला विचारून मी आधी वडिलांना फोन केला. ते आले, खुर्चीत बसले आणि त्यांनीही माझ्या टेबलावरचं पेन उघडायला सुरुवात केली. घरी काय सांगायचं, कधी सांगायचं, ते त्यांनी ठरवलं. मला त्यात काही शिकवावं लागलं नाही.

मुलांना सांगायचं असतं, पण शब्द नसतात, हा दुसरा भाग. त्यांच्याजवळ साधारण पाच शब्द आहेत: बोअर, टेन्शन, राग, डोकं फिरणं आणि 'कसंतरी होतंय'. यातला शेवटचा मला फार आवडतो, कारण त्यात सगळं मावतं. कसंतरी म्हणजे कुठे? छातीत, घशात की पोटात? उठल्या उठल्या की शाळेतून घरी जाताना? अशा प्रश्नांना मुलं उत्तरं देतात. 'तुला नेमकं काय वाटतंय?' या प्रश्नाला एकही मूल उत्तर देत नाही. मोठी माणसं तरी कुठे देतात?

मग मी शब्द उसने देते. मराठीत काय कमी आहेत? हिरमुसणं, ओशाळणं, धास्ती, घुसमट, कुचंबणा, हुरहूर. सहावीतली एक मुलगी, ताई शिकायला पुण्याला गेल्यापासून रोज संध्याकाळी रडायची. 'टेन्शन आहे' म्हणायची. कसलं टेन्शन, ते सांगता येईना. मी म्हटलं, "हुरहूर लागलीय का?" तिला शब्द माहीत नव्हता. समजावून सांगितला तर टुणकन सरळ बसली, "हां! तेच! मॅडम, स्पेलिंग काय?" इंग्रजी माध्यमाची होती. मी लिहून दिलं, तिनं चिठ्ठी कंपासमध्ये ठेवली. त्या चिठ्ठीनं रडणं थांबलं असं नाही. पण घरी आई 'काय झालं गं' म्हणाली की आता तिच्याकडे उत्तर होतं.

आता आजोबांच्या न्यायाबद्दल. गुपित मी का ठेवते, हे मी पुस्तकातून शिकले होते, तरी खरं शिकले ते एका चुकीतून, आणि ती चूक माझीच.

दुसरंच वर्ष होतं. आठवीतल्या एका मुलीनं मला एका मुलाच्या मेसेजबद्दल सांगितलं. धोक्याचं काही नव्हतं. त्या वयात होतं तेवढंच. तिची आई सुशिक्षित, शांत, माझ्याच वयाची. दोनदा आली, तिसऱ्यांदा तिचे डोळे भरून आले, आणि मी बोलून गेले. 'फक्त तुम्हाला म्हणून' असंही वर जोडलं. संध्याकाळपर्यंत फोन काढून घेतला गेला, क्लास बंद झाला आणि गोष्ट आजी-काकूंपर्यंत पोचली. दुसऱ्या दिवशी मुलगी माझ्या दारात आली. आत नाही आली. "मॅडम, मी तुम्हाला सांगितलं होतं," एवढंच म्हणाली आणि गेली.

पुढची दोन वर्षं, दहावी होऊन जाईपर्यंत, मी समोरून दिसले की ती खाली वाकून बुटाची नाडी बांधायची. त्या सहामाहीत आठवीची एकही मुलगी माझ्याकडे फिरकली नाही. वर्गात अशा बातम्या फार वेगानं पसरतात. आईला राग आला याचा मला राग नाही. अशी माहिती अचानक हातात पडली तर मीही तेच केलं असतं. माहिती द्यायची म्हणजे ती पेलायला वेळ द्यावा लागतो, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

तेव्हापासून पहिल्याच भेटीत प्रत्येक मुलाला मी सांगते: तू इथे बोलशील ते इथेच राहील, पण तीन गोष्टी मी लपवणार नाही. तू स्वतःला इजा करायचा विचार करत असशील, तू दुसऱ्या कुणाला इजा करणार असशील, किंवा कुणी मोठं माणूस वा मूल तुला इजा करत असेल, तर मी योग्य माणसाला सांगणार, आणि सांगायच्या आधी तुला सांगणार. तिसऱ्या गोष्टीत लैंगिक अत्याचार आला की माझ्या मर्जीचा प्रश्नच उरत नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अठरा वर्षांखालच्या मुलाबाबत असं काही कळलं की पोलिसांना कळवावंच लागतं. न कळवणं हाच गुन्हा. 'घरातला माणूस आहे, मिटवून टाकू' असं मला तीनदा सांगितलं गेलंय. तिन्ही वेळा मिटवलं नाही. त्याबद्दल इथे यापेक्षा जास्त लिहिणार नाही.

पहिल्या गोष्टीबद्दल मात्र लिहायला हवं, कारण पालक सर्वांत जास्त तिलाच घाबरतात आणि तिच्याबद्दल सर्वांत कमी बोलतात. नववीतली मुलगी. हुशार, गॅदरिंगला निवेदन करणारी. एक दिवस वहीच्या कडेला रेघा मारत म्हणाली, "मी नसले तर घरात बरंच सोपं होईल." अशा वेळी मी सरळ विचारते, जीव द्यावासा वाटतो का? लोकांना वाटतं, विचारलं तर मुलाच्या डोक्यात नसलेलं येईल. येत नाही. असेल तर बाहेर येतं, आणि कुणीतरी विचारलं म्हणून मूल जरा मोकळं होतं. ती 'हो' म्हणाली. मी म्हटलं, "हे मी आज आईला सांगणार आहे. तू आत बसशील की बाहेर?" तिनं विचार केला. "तुम्ही सांगा. मी खाली बघते."

आई आली. मी सांगितलं. आई बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "यंदा परीक्षेला नको बसू तू. काही बिघडत नाही." मुलगी खाली बघतच हसली. "आई, परीक्षेचं नाहीचै ते." त्या दिवसातलं तिचं हे पहिलं वाक्य, जे तिनं थेट आईला उद्देशून म्हटलं. मी पाणी आणायला उठले आणि मुद्दाम जरा वेळ लावला.

तिला त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. हेही सांगून टाकते, कारण गोंधळ फार असतो. मी डॉक्टर नाही, गोळ्या देत नाही, आणि झोप, भूक, शाळा सगळंच आठवडेच्या आठवडे कोलमडलेलं असेल तर नुसत्या बोलण्यावर भागवत नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६ मध्ये झालं, त्यात १३ ते १७ वयातल्या ७.३ टक्के मुलांना मानसिक आजार आढळला. माझ्या शाळेत एका तुकडीत साठ मुलं आहेत. म्हणजे तुकडीत चार, आणि ही चार मुलं मागच्याच बाकावर बसतात असं नाही. गावात समुपदेशक नसेल तर १४४१६ वर टेलिमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, फोन करता येतो, ऑक्टोबर २०२२ पासून. मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. मूल संकटात असेल तर १०९८. मोठ्या सरकारी रुग्णालयांत दहा ते एकोणीस वयासाठी 'मैत्री' क्लिनिकही चालतं. पाटी शोधावी लागते, पण असतं.

आजोबा, तुम्हाला वाटत असेल, म्हणजे काही झाल्यावरच सांगणार. तसं नाही. प्रत्येक मुलाला मी तिसऱ्या-चौथ्या भेटीत विचारते, "यातलं आईबाबांना काय सांगू?" अकरा वर्षांत 'काहीच नको' म्हणणारी मुलं मोजकी निघाली. बाकीच्यांना काहीतरी पोचवायचं असतंच, फक्त स्वतःच्या तोंडून नको असतं. एकानं सांगितलं, "बाबांना सांगा, मार्क रोज नका विचारू, शनिवारी विचारा." एकीचं होतं, "आईनं पाहुण्यांसमोर माझ्या पिंपल्सबद्दल बोलू नये." एका सहावीतल्या मुलानं मला चक्क लिहून दिलं: 'आज्जी वारली तेव्हा मला बोलावलं नाही.' एवढंच. ती चिठ्ठी मी त्याच्या वडिलांच्या हातात दिली. ते ती वाचून घडी घालून खिशात ठेवताना इतके सावकाश होते की मीच खिडकीबाहेर बघायला लागले.

माझी स्वतःची मुलगी चौदा वर्षांची आहे. तिला गेल्या वर्षी मी माझ्या एका मैत्रिणीकडे पाठवलं, समुपदेशनालाच. बाहेर बाकावर बसले. ती बाहेर आली. आणि हो, रिक्षात बसेपर्यंतही मला धीर धरवला नाही. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की पुढचा सगळा रस्ता मी दुकानांच्या पाट्या वाचल्या.

'मग आम्ही विचारायचं काय?' हा त्यापुढचा प्रश्न. मला यावर एकच गोष्ट खात्रीनं माहीत आहे. समोरासमोर बसवून, डोळ्यांत डोळे घालून विचारलं की या वयाची मुलं बंद होतात. तोंड दुसरीकडे असलं की बोलतात. मटार सोलताना, दिवा घालवल्यावर, गाडीवर मागे बसल्यावर. कपाटाखाली स्प्रिंग शोधताना तर बोलतातच.

त्या सातवीतल्या मुलाच्या वडिलांना पुढे अंबडला काम मिळालं. दुसरी पाळी असली की सकाळी तेच मुलाला शाळेत सोडतात. घरापासून शाळा दहा मिनिटांवर. परवा गेटवर भेटले. म्हणाले, आता अर्धा तास आधी निघतो, गंगापूर रोडनं सोमेश्वरपर्यंत जातो आणि तिथून वळून येतो. मागे बसून तो काय काय सांगत असतो. मी विचारलं नाही काय ते.

"पेट्रोल लै जातं पण, मॅडम," म्हणाले, आणि गाडीला किक मारली.