एलिझाबेथच्या बाह्या

जुन्या इंग्रजी कादंबऱ्यांच्या सचित्र आवृत्त्या मी जमवते, त्यामुळे हा प्रश्न मला हटकून विचारला जातो : चित्रांत दिसतात तसेच कपडे तेव्हा होते का, आणि लग्नं तशीच जुळायची का?

कपड्यांचं म्हणाल, तर आधी चित्र कोणत्या साली काढलंय ते बघा. जेन ऑस्टिनची 'प्राइड अँड प्रेजुडिस' 1813ची. तेव्हा झग्याची कंबर छातीच्या लगेच खाली असे आणि पुढे कापड सरळ पायापर्यंत सुटलेलं, पुष्कळदा पांढरी मलमल. पण 1833 साली बेंटली या लंडनच्या प्रकाशकाने सचित्र आवृत्ती काढली, तिच्यात नायिका एलिझाबेथच्या बाह्या टम्म फुगलेल्या आणि कंबर आवळलेली. ही 1833ची फॅशन! वीस वर्षांपूर्वीचे कपडे कुणाला ऐतिहासिक वाटत नाहीत, नुसते जुनाट वाटतात.

कादंबरीकार थॅकरेने तर हे उघडच लिहिलं. 'व्हॅनिटी फेअर' (1847-48) वॉटर्लूच्या लढाईच्या (1815) काळातली, चित्रंही त्याचीच. तळटिपेत तो सांगतो की त्या वेळचे पोशाख इतके विद्रूप, की आपल्या नायक-नायिकांना ते चढवायला मन धजेना. म्हणून चालू फॅशन.

आज आपल्या डोळ्यांपुढे येतं ते बहुधा चित्रकार ह्यू टॉमसनच्या, 'प्राइड अँड प्रेजुडिस'च्या 1894च्या आवृत्तीसारखं काहीतरी, मुखपृष्ठावर सोनेरी मोर असलेली ती. टॉमसन काय किंवा केंब्रिजचे चित्रकार ब्रॉक बंधू काय, यांनी जुन्या पोशाखांचा अभ्यास केला होता. कपडे बरेचसे बरोबर आहेत. माझी तक्रार गोडव्याबद्दल आहे. सगळे लवून अभिवादन करतात, लाजतात. लग्नं जुळवताना बघितला जाणारा पैसा कुठे गेला? कादंबरीत नायक डार्सीचे वर्षाचे दहा हजार पौंड तो ओळखीचा होण्याआधीच नाचाच्या दालनभर पसरतात. तिच्याशी लग्न करू पाहणारा कॉलिन्स तर मागणी घालतानाच एलिझाबेथला तिच्या वाट्याला येणारे हजार पौंड ऐकवतो, व्याजाच्या दरासकट.

मला आवडणारा प्रसंग ऑस्टिनच्याच 'नॉर्थँगर ॲबी'तला आहे. बाथ शहरात नाचाच्या संध्याकाळी, नायिका कॅथरिनला सोबत घेऊन आलेल्या मिसेस ॲलनच्या बाहीत टाचणी अडकते, नऊ शिलिंग वाराचा झगा फाटेल म्हणून त्या हळहळतात. कॅथरिनबरोबर नाचलेला तरुण टिल्नी लगेच सांगतो, मीही एवढाच अंदाज केला होता. बहिणीसाठी आपण खरी हिंदुस्तानी मलमल पाच शिलिंग वाराने आणली, हेही. कॅथरिन ऐकत असते. "तुम्ही इतके..." एवढं म्हणून ती थांबते. 'विचित्र' अगदी ओठांवर आलेलं असतं. लग्न ती त्याच्याशीच करते.