तुम्ही विचारलंत म्हणून: लोणार दोन तासांत होतं का?

समृद्धीवरून मेहकरला उतरायच्या आधी लोक मला फोन करतात. दहा वर्षं सरोवर दाखवत हिंडलो, त्यामुळं माझा नंबर कुणाकुणाकडं आहे ते मलाच माहीत नाही. प्रश्न ठरलेला. 'भाऊ, लोणार दोन तासांत होतं का?' शेगावचं दर्शन झालेलं असतं, रात्रीपर्यंत वेरूळ गाठायचं असतं, आणि मधे आम्ही. एखादा जोडून विचारतो, 'पाणी गुलाबीच आहे ना अजून?'

गुलाबीचं आधी उरकतो. ते झालं जून 2020 मध्ये. पाणी आटून खार वाढला, त्यात तगणारे सूक्ष्मजीव माजले, त्यांचा तो रंग, असं पुण्याच्या आघारकर संस्थेनं तपासून सांगितलं. पाऊस लागला आणि रंग ओसरला. अख्ख्या जगानं आमचा फोटो बघितला तेव्हा गावात एक पाहुणा नव्हता, कारण कोरोना.

आता दोन तासांचं. आधी मी बेधडक 'होतं की' म्हणायचो. माझी फेरी पाठ होती. काठावर उभं करायचं, 'या टोकापासून त्या टोकापर्यंत 1.8 किलोमीटर, खोली 137 मीटर, 50 हजार वर्षांपूर्वी उल्का पडली' म्हणायचं आणि खाली उतरायचं. (2011 च्या एका अभ्यासात वय 5 लाख 70 हजार वर्षं निघालं. भूगर्भशास्त्र शिकणाऱ्या एका पोरीनं हे मला चारचौघांत ऐकवलं. तरी वर्षभर मी 50 हजारच सांगत होतो, जीभ वळायचीच नाही.) खाली कमळजा देवी, मग हळदीचा खेळ. तळहातावर चिमूटभर हळद घ्यायची, वर सरोवराचं पाणी सोडायचं. पिवळी हळद बघता बघता लाल होते. त्या पाण्यात सोडा आहे, हळद लाल होणारच. पण लोक टाळ्या वाजवायचे आणि मी जादूगारासारखा हात पुसायचो.

असाच एका मे महिन्यात नाशिकचे एक काका-काकू घेऊन उतरलो. काका रिटायर्ड मास्तर. त्यांनी वरच विचारलं होतं, 'चढण जमेल ना रे मला?' मी म्हणालो, 'काका, सोपी वाट आहे, पोरंटोरं पळत जातात.' साडेअकरा वाजले होते, आणि एक वाजता माझी दुसरी गाडी यायची होती. त्यांना सावलीत टेकूसुद्धा दिलं नाही. वर येताना अर्ध्या वाटेत काका एका दगडावर बसले ते उठेचनात. ओठ पांढरे, शर्ट पाठीला चिकटलेला, हातावर हळदीचा तो लाल डाग तसाच. बाटलीत घोटभर पाणी होतं, ते काकूंनी त्यांच्या डोक्यावर ओतलं. ओरडल्या नाहीत. पदरानं वारा घालत मला एवढंच म्हणाल्या, 'तू सोपं म्हणाला होतास.'

मी पळत वर गेलो. ड्रायव्हर आणि टपरीवरची दोन पोरं घेऊन आलो, गाडीतल्या चादरीची झोळी केली. चार जणांना एक माणूस वर आणायला किती वेळ लागला सांगता येत नाही, पण दुसरी गाडी येऊन निघूनही गेली होती. सलाईन लागलं, संध्याकाळी काका बोलायला लागले. निघताना काकूंनी ठरलेले तीनशे रुपये पुढं केले. मी घेतले. आजही कुणी 'मग काय केलंस?' विचारलं तर झोळीपर्यंतच सांगतो. तीनशेचं इथं पहिल्यांदा लिहितोय.

तेव्हापासून मी 'नाही होत' म्हणतो. पण तेव्हाचा मी गप्प बसत नाही. म्हणतो, शहाण्या, तुझं 'नाही' ऐकून गाडी सरळ पुढं जाते, मग हॉटेलवाल्यानं काय करायचं? त्याचंही खोटं नाही. मुक्काम करा म्हणावं, तर संध्याकाळी सातनंतर इथं करायचं काय, हे मलाही सांगता येत नाही.

शिवाय हे गाव काही बघण्यासाठी वसलेलं नाही. इथल्या खारावर लोक पोट भरायचे. आईन-ए-अकबरीत या भागात काच आणि साबणाला लागणारा माल मिळतो अशी नोंद आहे. 1823 मध्ये अलेक्झांडर नावाचा इंग्रज अधिकारी आला आणि साहेबाच्या कागदावर सरोवर चढलं. तरी कित्येक वर्षं ते ज्वालामुखीचंच तोंड समजलं जायचं. उल्केवर शिक्कामोर्तब झालं 1973 च्या सुमारास. म्हणजे माझ्या आज्यानं जन्मभर जिथं ढोरं चारली ती जागा काय आहे, हे त्याला म्हातारपणी कळलं. 'असं का?' म्हणाला म्हणे, आणि ढोरं सोडायला गेला.

आणि दैत्यसूदन. भर गावात आहे, गाडी जवळ जाते, चढण नाही. चालुक्यांच्या काळातलं, भिंतींवर इंचभर जागा मोकळी नाही. छतावरचं कोरीवकाम बघायला मान मोडते. लवणासुराला मारणारा विष्णू, त्याचं हे देऊळ. मी स्वतः ते नीट बघितलं विशी उलटल्यावर, तेही पावसानं अडकलो म्हणून. त्याआधी माझ्या दोन तासांत ते बसतच नव्हतं.

काल परत फोन. 'मेहकरला पोचतोय, दोन तास आहेत, होतं ना?'

मी विचारलं, 'सोबत कोण कोण आहे?'

'मी, मिसेस, आई.'

'आईंचे गुडघे कसे आहेत?'

पलीकडं जरा वेळ कुणी बोललंच नाही.